चौकशी की चौकाशी?

नवी गाडी घ्यायची असे घरात ठरले, तेव्हा मी म्हणालो, "उद्या जाऊन जरा चौकशी करून येऊ." सौ. भाजी निवडत होती. मान वर न करताच म्हणाली, "जाऊ या की. पण तुमची चौकशी करायची की आमची चौकाशी?"

आपल्या भागातल्या वाचकांना यातली मेख सांगायला नको. मराठीतली चौकशी म्हणजे विचारपूस. ती केली, रंगीत माहितीपत्रक घेतले, त्यांनी दिलेला चहा प्यायला, की आपण समाधानाने घरी येतो. कन्नडमधली चौकाशी म्हणजे घासाघीस. शब्द सख्ख्या भावांसारखे दिसतात, पण एक नुसते विचारतो आणि दुसरा सोडत नाही. हिचे माहेर गोकाकचे. आमच्या संसारात चौतीस वर्षे दोन्ही भाषा नांदताहेत. भांडण मराठीत होते, हिशेब कन्नडमध्ये. हाक मारायची तर रागात "अहो" आणि लाडात "री". आणि बाजारात गेलो की मी चौकशी करतो, ती चौकाशी करते, अशी कामाची वाटणी लग्नाच्या पहिल्या वर्षीच झाली आहे.

गाडी हवी होती ती हौसेसाठी नव्हे. सासूबाई गोकाकला असतात. त्यांना दर पंधरा दिवसांनी बेळगावला डॉक्टरांकडे आणावे लागते. आमची जुनी गाडी २०१२ ची. ती अंकलगीजवळ दोनदा बंद पडली. दुसऱ्यांदा भर दुपारी. ब्याऐंशी वर्षांची बाई रस्त्याकडेच्या बाभळीखाली दीड तास बसून होती आणि वर मलाच धीर देत होती. त्या दिवशी ठरले.

ती जुनी गाडी घेतली तेव्हा मी एकटाच शोरूमला गेलो होतो. पाडव्याला गाडी दारात हवी एवढेच डोक्यात. त्यांनी आकडा सांगितला, मी चेक लिहिला. दोन महिन्यांनी शाळेतल्या एका सहकाऱ्याने तीच गाडी, तोच रंग, अठरा हजार कमी देऊन आणली. मला विचारतो कसा, "सर, तुम्ही काही मागितलं नाही का?" मागितले नव्हते. मागायची भीड वाटली. भीड ही भिकेची बहीण, हे मी वर्गात तीस वर्षे शिकवले आणि शोरूमच्या काचेच्या दारातून आत शिरताना ते बाहेर चपलांपाशी ठेवले.

ही भीड आमच्या पिढीत आली कुठून, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. माझ्या वडिलांच्या काळी वाहन विकत घ्यायचे नसे, ते 'मिळायचे'. स्कूटरसाठी नाव नोंदवायचे आणि वर्षानुवर्षे वाट पाहायची. ज्याचा नंबर लागे तो आपली स्कूटर वर पैसे घेऊन दुसऱ्याला देई. त्या वरच्या पैशांना 'ऑन' म्हणत. १९८३ साली मारुती ८०० आली तेव्हाही सुरुवातीला तेच. छापील किमतीपेक्षा जास्त देऊन वर आभार मानायचे, असा तो जमाना. त्या घरात वाढलेला माणूस शोरूममध्ये गिऱ्हाईक म्हणून जात नाही, अर्जदार म्हणून जातो. आज वाहने रांगेत उभी आहेत आणि गिऱ्हाईक शोधावे लागते, हे डोक्याला कळते, पण हात अजून जोडलेलेच असतात.

असो. तर २०२५ च्या डिसेंबरात आम्ही दोघे गेलो.

शोरूममध्ये पाऊल टाकले आणि समोरून कोट-टाय घातलेला एक तरुण धावत आला. वाकून नमस्कार. "सर! ओळखलं का?" ओळखले. नववीत माझ्या वर्गात होता. मागच्या बाकावर बसायचा, निबंधात प्रत्येक वाक्याच्या शेवटी उद्गारचिन्ह द्यायचा. आता तिथे सेल्समध्ये सीनियर होता. म्हणाला, "सर, तुम्ही काही बघू नका. तुमच्यासाठी बेस्ट करून देतो."

मी मनात म्हटले, संपले. अठरा हजार तेव्हा गेले, आता किती जाणार? ज्याने पायाला हात लावला त्याच्याशी भाव कसा करायचा? कन्नडमध्येही हा शब्द आहेच, भिडे. दाक्षिण्यही आहे. म्हणजे रोग दोन्हीकडचा आहे. पण आमच्या घरात तो एकालाच आहे.

त्याने कागद पुढे ठेवला. चार मीटरच्या आतली, १२०० सीसीच्या आतल्या पेट्रोल इंजिनाची साधी गाडी. एक्स-शोरूम किंमत ६,८०,०००. त्याखाली रोड टॅक्स व नोंदणी १,१९,०००, विमा ४३,५००, ॲक्सेसरीजचे 'बेसिक किट' १६,८००, वाढीव वॉरंटी १३,२००, हँडलिंग चार्जेस ७,५००, रंगाचे आणि तळाचे कोटिंग ६,९००, फास्टॅग ६००. बेरीज ८,८७,५००. आणि तिथे लाल पेनाने एक गोल: 'सरांसाठी खास' सूट १०,०००.

"आणि सर, जीएसटीचा फायदा वेगळाच," तो म्हणाला. "आता गाड्या किती स्वस्त झाल्यात बघा."

हे मात्र मला माहीत होते. २२ सप्टेंबर २०२५ पासून, म्हणजे त्या वर्षीच्या घटस्थापनेच्या दिवसापासून, अशा छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि वरचा १ टक्का उपकरही गेला. २९ चे १८ झाले की गिऱ्हाइकाला पडणारी किंमत साधारण साडेआठ टक्क्यांनी उतरते. पण ती सूट सरकारने सोडलेल्या कराची. दुकानाने त्यात आपल्या खिशातले काही दिलेले नाही. तरी त्या दिवसांत जो तो हाच दाखला देत होता: जीएसटी कमी झाला, आता आणखी काय मागता? मी हे बोलायला तोंड उघडले आणि 'सर' हा शब्द ऐकून पुन्हा मिटले. हिने कागदाची घडी घालून पर्समध्ये टाकली. "घरी जाऊन नोड्तीवी तम्मा," एवढेच म्हणाली.

घरी आल्यावर कागद जेवणाच्या टेबलावर पसरला. मुलगी बेंगळूरला असते. तिला फोटो पाठवला. हिने एक वही काढली, तिच्या किराणा हिशेबाची. एकेक ओळ डावीकडे लिहिली आणि उजवीकडे प्रश्न: 'इदु याक?' हे कशासाठी?

मला वाटते गाडीचा भाव ठरवण्याची सगळी विद्या त्या दोन शब्दांत आहे. आपण सगळे वरच्या मोठ्या आकड्याशी झटापट करतो. साहेब, दहा हजार सोडा, पंधरा सोडा. पण एक्स-शोरूम किंमत कंपनीने ठरवलेली असते, त्यात विकणाऱ्याचा वाटा फार मोठा नसतो. खरी चरबी खालच्या ओळींत असते, आणि तिथे आपली नजर जातच नाही. लाखांच्या शेजारी हजार बसले की हजार दिसेनासे होतात. भाजीवालीकडे पाच रुपयांसाठी उभे राहणारे आपण इथे साडेसात हजारांच्या 'हँडलिंग'वर सही करून मोकळे होतो.

एकेक ओळ घेतली.

रोड टॅक्स. कर्नाटकात पाच ते दहा लाखांच्या गाडीला १४ टक्के आजीव कर आहे, त्या करावर ११ टक्के उपकर, आणि २०२५ पासून वर आणखी एक हजार. ६,८०,००० चे १४ टक्के ९५,२००, उपकर १०,४७२, म्हणजे हजार धरून १,०६,६७२. नोंदणीचे सरकारी शुल्क ६००, कर्ज असेल तर त्याच्या नोंदीचे १,५००, स्मार्टकार्डाचे किरकोळ. कितीही ओढले तरी १,०९,००० च्या वर जात नाही. कागदावर होते १,१९,०००. वरचे दहा हजार कोणत्या खात्यात जातात हे विचारायचा हक्क पैसे भरणाऱ्याला नाही तर कोणाला?

इथे धाकटे मेहुणे मध्ये पडले. ते संध्याकाळी सहज आले होते. म्हणाले, "भावोजी, एवढा टॅक्स भरताच कशाला? चंदगडला तुमच्या बहिणीचं घर आहे. तिथल्या पत्त्यावर घ्या, एमएच ०९. महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत ११ टक्केच."

हा सल्ला आपल्या भागात प्रत्येक घरात कधी ना कधी दिला जातो. हिशेब खोटा नाही. तीसेक हजारांचा फरक पडतो. माझा एक क्षण मोह झाला, हे कबूल करतो. पण गाडी बेळगावात राहणार, बेळगावातच फिरणार. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ४७ व्या कलमानुसार परराज्यातली गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ दुसऱ्या राज्यात ठेवली, तर तिथला नंबर घ्यावा लागतो. मग इथला कर भरा, तिकडचा परत मागत हेलपाटे घाला. शिवाय मी जिथे राहत नाही तिथे राहतो असे लिहून द्यायचे, तेही आयुष्यभर मुलांना खोटे लिहू नका म्हणून सांगितल्यावर. आणि आणखी एक गोष्ट, जी आपल्यालाच कळते. डिसेंबर २०२२ मध्ये सीमाप्रश्न तापला तेव्हा हिरेबागेवाडीजवळ महाराष्ट्राच्या नंबरप्लेटच्या वाहनांवर दगड पडले आणि तिकडे पुण्यात कर्नाटकच्या बसगाड्यांना काळे फासले. त्या आठवड्यात आम्ही घरातल्या घरात बसून होतो, सासूबाई गोकाकला आणि आम्ही इथे. ज्या गाडीत त्यांना घेऊन जायचे तिच्या पाटीवरून रस्त्यात कोणी काही ठरवावे, हे मला तीस हजारांत परवडणारे नव्हते. हिने मेहुण्यांकडे एकदाच पाहिले आणि म्हणाली, "ब्याड." विषय मिटला.

विमा. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा १ सप्टेंबर २०१८ पासून सक्तीचा आहे. त्याचा दर सरकारी, सगळ्या कंपन्यांना सारखा. फरक पडतो तो आपल्या गाडीच्या नुकसानीच्या विम्यात आणि वरच्या जोडण्यांत. मुलीने बेंगळूरहून बसल्याबसल्या तेवढ्याच आयडीव्हीचा, झिरो डेप्रिसिएशनसकट, दुसरीकडचा दर काढला. २९,८००. शोरूमचा ४३,५००. विमा त्यांच्याकडूनच घ्यावा अशी सक्ती कोणी करू शकत नाही, हे ध्यानात ठेवावे. त्यांच्या यादीत चावी हरवल्याचा विमा, आतल्या सामानाचा विमा अशा दोन-तीन ओळी होत्या, त्या काढल्या. इंजिनात पाणी शिरल्याचा मात्र ठेवला. ऑगस्ट २०१९ चा पूर ज्यांनी गोकाकात पाहिला आहे, त्यांना तो का ठेवला हे सांगायला नको.

बेसिक किटमध्ये मॅट, मडफ्लॅप, सीटकव्हर, किल्लीचे कव्हर, परफ्यूम आणि एक गणपती. गणपतीवर मी काही बोललो नाही. शहापुरातल्या सीटकव्हरवाल्याकडे विचारले तर याहून बऱ्या कापडाचे निम्म्यात. हँडलिंग म्हणजे गाडी यार्डातून शोरूमपर्यंत आणण्याचा खर्च म्हणे. मग एक्स-शोरूम म्हणजे काय? शोरूमच्या दारात उभ्या असलेल्या गाडीचीच ना किंमत ती? कोटिंगबद्दल आमच्या मिस्त्रींना विचारले. ते हसले फक्त. वाढीव वॉरंटी मात्र कंपनीची होती, आणि आजच्या गाड्यांत इलेक्ट्रॉनिक भाग इतके असतात की ती मला योग्य वाटली. ती ओळ हिनेही कापली नाही.

एवढे झाल्यावर त्याच कंपनीच्या हुबळीच्या डीलरकडून फोनवरून दुसरा कागद मागवला. हुबळीत घेतली तरी नोंदणी आपल्या बेळगावच्या पत्त्यावरच, केए २२ ने होते, हे पुष्कळांना माहीत नसते. त्यांनी सूट १८,००० लिहिली.

दुसऱ्या खेपेला मी हिला आधीच सांगितले, "तू बोल. मी गप्प बसतो." ती म्हणाली, "तुम्ही गप्प बसाल, पण तुमचं तोंड बसणार नाही. तो 'सर' म्हणाला की तुम्ही वितळता." म्हणून मला गाडीच्या डिकीत स्टेपनी आहे का हे बघायला पाठवले. मी ती बराच वेळ बघितली. पण कान टेबलाकडे होते.

"तम्मा, इदु याकरी?" हिने बोट हँडलिंगवर ठेवले.

"काकू, ते कंपनी चार्जेस."

"कंपनीचं आहे तर कंपनीच्या बिलावर येईल की. बिलावर बरदु कोड."

बिलावर लिहून दे. हे वाक्य मी पाठ करून ठेवले आहे. ज्याला पावती नाही असा पैसा त्या वाक्यापुढे टिकत नाही. तो मराठीत उत्तर देई, ही कन्नडमध्ये विचारी. तो कन्नडवर आला की ही मराठीवर जाई. नंतर मी विचारले, हा काय डाव? म्हणाली, डाव कसला, त्याला भाषा बदलताना जरा विचार करावा लागतो, तेवढ्यात पाठ केलेलं विसरतो.

मधे तो "आगंगिल्री काकू, मॅनेजर ऐकणार नाहीत" म्हणाला. ही उठली. खरेच उठली, पर्स उचलली, मला हाक मारली. रागावून नव्हे. "असू दे बाळा, तुझी अडचण आम्हाला कळते, हुबळीला जाऊन येतो." इथे एक सांगतो. उठायचे असेल तर खरोखर निघायची तयारी हवी. नाटक त्यांना लगेच कळते, ते रोज पाहतात. आमची हुबळीची खरीच तयारी होती.

तो दारापर्यंत आला. आत हिच्याशी बोलताना जो सेल्समन होता, तो दाराबाहेर माझ्याशी बोलताना विद्यार्थी झाला. हळू आवाजात म्हणाला, "सर, खरं सांगू? गाडीवर आम्हाला फार सुटत नाही. इन्शुरन्स, ॲक्सेसरीज, कोटिंग, यांचंच टार्गेट असतं. डिसेंबर संपायला बारा दिवस. दोन गाड्या कमी आहेत. तुमची गेली तर मला इन्सेंटिव्ह नाही."

मला एकदम वाईट वाटले. आणि एकदम लक्षातही आले की घाई आपल्याला नाही, त्याला आहे. वर्षाअखेरीला असेच असते. जानेवारी उजाडला की २०२५ ची गाडी कागदावर वर्षाने जुनी होते, उभी राहिली तर त्यांना नको असते. त्यात आमच्याकडे धनुर्मास. निम्म्या बेळगावाने संक्रांतीपर्यंत खरेदी थांबवलेली. दसऱ्याला, पाडव्याला शोरूममध्ये पाय ठेवायला जागा नसते, तिथे कोण कशाला भाव उतरवील? पितृपक्षात आणि धनुर्मासात मात्र चहाबरोबर बिस्किटेही येतात. जे दर तीन-चार वर्षांनी गाडी बदलतात त्यांनी डिसेंबरची गाडी जपून घ्यावी, विकताना ते एक वर्ष मोजले जाते. आम्ही गाडी बारा-तेरा वर्षे वापरणारे. आम्हाला त्या वर्षाचे काय?

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "वॉरंटी तुझ्याकडून. विमाही तुझ्याकडून, पण बाहेरच्या दराच्या जवळ आण. बाकीचं काढ. आणि हुबळीपेक्षा जरा खाली ये. मग आजच बुकिंग." निवृत्तीनंतर इतकी लांब मागणी मी कोणाकडे केली नव्हती. त्याच्या विम्याचे बाराशे जास्त देणार हे मला माहीत होते. अपघात झाला तर कागद घेऊन मी त्याच्याच टेबलाशी जाणार, त्याचे ते बाराशे, असे मी ठरवले. हिला ते पटले नाही. अजून पटलेले नाही.

अर्धा तास मॅनेजरच्या केबिनमध्ये गेला. नवा कागद आला. टॅक्स व नोंदणी १,०९,०००, विमा ३१,०००, वॉरंटी १३,२००, फास्टॅग ६००, मॅट आणि मडफ्लॅप ३,२००. हँडलिंग आणि कोटिंग नाही. सूट २२,०००. एकूण ८,१५,०००. पहिल्या कागदावर सूट वजा जाता ८,७७,५०० होते. साडेबासष्ट हजारांचा फरक, आणि त्यातले फक्त बारा हजार सूट वाढल्याचे. उरलेले साडेपन्नास 'इदु याक' या प्रश्नाचे. जुन्या गाडीचे ते सव्वा लाख देत होते. ती त्यांना दिलीच नाही, खानापूरच्या एका ओळखीच्या माणसाला एक पंचेचाळीसला दिली. नव्या गाडीचा आणि जुन्या गाडीचा सौदा एकाच टेबलावर करू नये. एका हाताने दिलेले दुसऱ्याने कधी काढून घेतले ते समजत नाही.

बुकिंगची पावती घेण्याआधी गाडी यार्डात जाऊन पाहिली. नोंदणी झाली की गाडी आपली, मग ओरखडा दिसला तरी कोणी परत घेत नाही, म्हणून हे आधी. चेसिस नंबर लिहून घेतला आणि बनवल्याचा महिना कागदावर मागितला. नोव्हेंबर २०२५. आरसीवरही तो छापून येतो, त्यामुळे लपवण्यात अर्थ नसतो. टायरच्या बाजूला शेवटी चार आकडे असतात, आठवडा आणि वर्ष. तेही पाहिले. मी खाली वाकून टायर वाचत होतो आणि माझा विद्यार्थी मोबाइलचा उजेड धरून उभा होता.

आता अडचण आली ती सासूबाईंची. बिल ३१ डिसेंबरच्या आत व्हायला हवे होते, आणि त्यांचा फोन: "धनुर्मासदाग ब्याडरी." अळियंद्रांनी, म्हणजे मी, धनुर्मासात वाहन आणले तर त्या बसणार नाहीत. मी म्हणालो, गाडी आणतो, झाकून ठेवतो, पूजा संक्रांतीला करू. यावर आमच्याकडच्या आत्याबाईंचा फोन: संक्रांतीला? शुभ कामाला संक्रांत? मराठीत संक्रांत येणे म्हणजे काय ते त्यांनी मलाच सांगितले. दोन भाषांच्या घरात मुहूर्त शोधणे हे गाडीच्या भावापेक्षा अवघड आहे, आणि तिथे कोणतीही चौकाशी चालत नाही.

गाडी २९ तारखेला आली आणि चादरीखाली उभी राहिली. आठ दिवसांनी सासूबाईंची तपासणीची तारीख. मी जुन्या गाडीची किल्ली घेऊन निघणार, तर त्यांचाच फोन आला. बाभळीखाली पुन्हा बसायची माझी तयारी नाही, दवाखान्याला मुहूर्त लागत नाही, नवीच घेऊन या. गेलो. त्या पुढे बसल्या, पट्टा लावून घेतला, अंकलगी आली तेव्हा खिडकीतून ती बाभूळ पाहिली आणि डोळे मिटून घेतले. बेळगावात उतरताना विचारले, "एष्टु कोट्री?" किती दिले? मी आकडा सांगितला. त्यांनी मुलीकडे पाहिले. "इन्नू स्वल्प कडिमी आगतित्तु," म्हणाल्या. आणखी थोडे कमी झाले असते!

संध्याकाळी विद्यार्थ्याचा फोन. "सर, उद्या कंपनीतून फीडबॅकचा फोन येईल. दहापैकी दहा द्या हां. नऊ दिले तरी आम्हाला कमीच धरतात."

फोन आला. एका मुलीने हिंदीतून विचारले, आमच्या प्रतिनिधीला तुम्ही दहापैकी किती गुण द्याल? मी जरा थांबलो. निबंधात त्याला मी कधी साडेपाचच्या वर दिले नव्हते. ही स्वयंपाकघरातून ओरडली, "आता तिथं तरी चौकशी करत बसू नका, देऊन टाका!"

मी दहा दिले.